रिंकीच्या मम्मीचा हौद

"आजी, हौद अजून गळतो का गं?"

फोन उचलल्या उचलल्या रिंकीनं हेच विचारलं. कशी आहेस नाही, गोळ्या घेतल्यास का नाही. मी म्हटलं, "अगं, गळायला त्यात पाणी तर हवं! कित्येक वर्षांत कुणी भरलाच नाही. मांजरीनं पिल्लं घातलीत त्यात."

"मांजरीला दुसरीकडं घर दे," ती म्हणाली, "मला छठेला हौद लागणार आहे."

आणि फोन ठेवला. ही पोरगी लहानपणापासून अशीच. दार वाजवायची नाही, थेट चुलीपाशी.

मग मी दुपारी पिल्लं जिन्याखाली हलवली आणि काथ्या, विटेचा तुकडा घेऊन हौदात उतरले. या वयात हौदात उतरणं म्हणजे आधी एक पाय, मग येशूचं नाव, मग दुसरा पाय. तळाला पेरूची वाळलेली पानं, एक प्लास्टिकची बाहुली, कुणाचं तरी कंपासपेटीचं झाकण. मी घासत बसले आणि शेवाळाच्या पापुद्र्याखालून तो वास आला. ओल्या सिमेंटचा, केळीच्या सालीचा, थोडासा तुपाचा. आता तूप कुठून येणार हौदात? पण आला खरा.

आमच्या ह्यांनी हा हौद बांधला तो घर बांधताना, विटांवर पाणी मारायला. हे नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होते. घर झालं, मग मागच्या जागेत ओळीनं खोल्या काढल्या आणि त्यात लांबलांबची माणसं राहायला आली. कुणी आष्टीचं, कुणी ओडिशाचं. आणि एका संध्याकाळी पत्र्याची पेटी, दोन गोण्या आणि कडेवर पोर घेऊन बिहारातल्या छपऱ्याकडचा रामनरेश आला. फाउंड्रीत कामाला लागला होता. त्याच्या अंगाला जळक्या वाळूचा वास यायचा. बायको सुनैना, डोईवरचा पदर नाकापर्यंत. आणि कडेवर रिंकी. तिनं आल्या आल्या माझ्या गळ्यातला क्रूस मुठीत धरला, तो सोडायलाच तयार नाही.

लोक मला म्हणायचे, "काकू, भैय्या लोकांना कशाला ठेवता? आपली माणसं मिळेनात का?"

आता आपली म्हणजे कोण, सांगा! आमचे पणजोबा दुष्काळात खर्ड्याकडून चालत नगरला आले. मिशनच्या आसऱ्याला राहिले, तिथलेच झाले. मी शाळेत होते तेव्हा माझ्या नावावरून पोरी विचारायच्या, "तुमी मूळचे कुठले गं?" मी म्हणायची, नगरचे. "न्हाई, पण मूळचे?" मूळ मूळ करत कुठवर खणायचं माणसानं? मी आपली खोलीची चावी सुनैनाच्या हातात दिली आणि नळ किती वाजता येतो ते सांगितलं.

त्या वर्षी दिवाळी सरली. आमच्याकडं दिवाळीनंतरचे दिवस फार गोड असतात, बरं का. थंडीनं नुसतं बोट लावलेलं असतं. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात, रस्त्यानं उसाच्या गाड्या चाललेल्या असतात आणि त्यांच्या मागून पोरं पळत असतात. अशाच एका सकाळी सुनैना माझ्या दारात आली. पदर तसाच नाकापर्यंत. म्हणाली, "दीदी, हौद में खड़े होने देंगी?"

मला वाटलं, बाईला नीट बोलता येत नाही, कपडे धुवायचे असतील. पण तिला खरोखरच हौदात उभं राहायचं होतं. दीड दिवस पाण्याचा थेंबही न घेता, मावळत्या सूर्याला आणि मग दुसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याला दूध-पाणी द्यायचं होतं. छठ म्हणतात त्याला. तिकडं गावी नदी असते. इथं माझा हौद होता.

"आणि ऊस," ती म्हणाली. "पाच ऊस चाहिए."

ऊस म्हटल्यावर आम्हा नगरकरांची छाती फुगते. पलीकडच्या मळ्यातल्या नानांना मी निरोप धाडला, की माझ्या भाडेकरणीला देवासाठी पाच ऊस पाहिजेत. नाना मोठ्या मनाचा माणूस. पाहुण्यांना काय द्यायचं ते चांगलं द्यायचं म्हणून त्यांनी निवडून पाच ऊस तोडले, वरची हिरवी पानं, म्हणजे आमच्याकडं वाढं म्हणतात ते, छाटून म्हशीला घातलं, ऊस सोलले, त्याचे हातभर तुकडे केले, धुतले आणि स्टीलच्या पातेल्यात घालून वर फडकं झाकून आणून दिले.

सुनैनानं फडकं उचललं आणि मटकन खाली बसली. रडायलाच लागली की हो!

"काय झालं?" नाना घाबरले. "गोड न्हाई का निघाला?"

रामनरेशनं हातवारे करून सांगितलं. ऊस उभा लागतो, पानांसकट. पाच उसांची शेंड्याला मोळी बांधायची, खाली मांडव होतो, त्यात दिवा ठेवायचा. नाना ऐकत राहिले आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं मंग तुळशीच्या लग्नावानी म्हन की! आमी बी वाढ्यासकटच लावतो. मला वाटलं, लेकराला खायला पायजेल!" तसेच पळत गेले आणि अंधार पडायच्या आत खांद्यावर पाच लांबच लांब ऊस घेऊन आले. पानं जमिनीवर फरफटत होती. तुकडे मग आम्ही सगळ्यांनी खाल्ले. इतका गोड ऊस मी पुन्हा खाल्ला नाही.

पुढं ते आमच्या अंगणाचं वर्षाचं कामच झालं. दिवाळी झाली की सुनैना गहू धुवून गच्चीवर वाळत घालायची आणि राखायला रिंकीला बसवायची. त्या गव्हाला चिमणीनं चोच लावली तर सगळा गहू पुन्हा धुवायचा, असा नियम. रिंकी हातात काठी घेऊन, उन्हात डोळे बारीक करून, मोठ्यानं पाढे म्हणत बसलेली असायची. बे एके बे, हुर्र, बे दुणे चार, हुर्र! खाली सुनैना जात्यावर नव्हे, पण वेगळ्या धुतलेल्या पाट्यावर काही ना काही वाटत त्यांच्या भाषेतली गाणी म्हणायची. त्या गाण्यांना शेवटच नसायचा. एकच ओळ फिरून फिरून यायची, कुणीतरी दूर गेलेल्याला हाक मारावी तशी. वर मराठी पाढे, खाली भोजपुरी गाणं आणि मधे मी जिन्यात तांदूळ निवडत बसलेली.

व्रत चार दिवसांचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनैना गुळाची खीर खायची, ती एकदाच, आणि तेव्हा कुणाचा आवाज कानावर पडला तर तिथंच घास थांबवायचा. त्यामुळं सगळी चाळ चवड्यांवर. आष्टीची बाई पोराच्या तोंडावर हात ठेवून उभी. आमचे हे रेडिओ बंद करून रेडिओच्याच शेजारी गुन्हेगारासारखे बसलेले. कंपनीच्या भोंग्याला मात्र कोण सांगणार? म्हणून भोंगा होऊन गेल्यावर ती ताटावर बसायची.

आणि ठेकुआ! गव्हाचं पीठ, गूळ, तूप, मळून गोळा करायचा आणि पानाची नक्षी कोरलेल्या लाकडी साच्यावर दाबून तळायचा. तो वास आला की मला नाताळ आठवायचा. खरं सांगते, एका वर्षी मी तो साचा उसना मागितला आणि नाताळच्या फराळात आमच्या गोड पुऱ्या त्यावर दाबल्या. चर्चमधल्या बायकांनी विचारलं, "ही नक्षी कुठली?" म्हटलं, आमच्या घरची.

एका वर्षी पाऊसच झाला नाही. बोअर आटली. टँकर यायचा तोही आठवड्यानं. सुनैना रोज येऊन कोरड्या हौदाकडं बघून जायची. मग छठेच्या आदल्या दिवशी आष्टीच्या बाईनं आपला एक हंडा आणून हौदात ओतला. तिच्यामागून ओडिशाची वहिनी. मग मी. मग सगळेच. दुष्काळात भरलेला हंडा ओतणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं सोसलंय त्यालाच कळेल. हौद घोट्यापर्यंतच भरला. सुनैना त्यात उभी राहिली आणि तिनं पदर पहिल्यांदा डोईवरून मागं सारला. तिचा सगळा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. भांगापासून थेट नाकाच्या शेंड्यापर्यंत, छठेला ओढतात ती नारिंगी शेंदराची रेघ. मावळतं ऊन तिच्यावर पडलेलं. मी बाई चर्चमध्ये वाढलेली, पण माझे हात आपोआप जुळले.

रिंकी मोठी झाली तशी आमच्यासारखी झाली. म्हणजे पार नगरची. "आयला, लई भारी!" म्हणायची तेव्हा मी तिला दटावायची. गावी छपऱ्याला लग्नाला गेली की तिथल्या बहिणी तिला मराठन म्हणून चिडवायच्या, इथं शाळेत भैय्यीण. ती मला म्हणाली होती, "आजी, रेल्वेत बसल्यावर मधे कुठंतरी मी बदलते. कोणत्या स्टेशनला ते मला अजून सापडलं नाही."

घरात मराठी येणारी ती एकटी. त्यामुळं शाळेत आईबापांना बोलावलं की बाईंचं बोलणं आईला हीच समजावून सांगणार. एकदा मी सोबत गेले होते. बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण वर्गात फार बडबडते, उलट उत्तरं देते." रिंकीनं हिंदीत आईला सांगितलं, की बाई म्हणतात, सगळ्यांत हुशार मुलगी आहे. मी छताकडं बघत बसले. परतताना सुनैना मला हळूच म्हणाली, "दीदी, इतनी तारीफ कर रही थीं, तो मास्टरनी का मुँह कड़वा काहे था?" आणि हसली. तिला सगळं कळत होतं. भाषा कळत नव्हती, एवढंच.

ती हसली ते मला आठवतं, कारण पुढं दहावीच्या वर्षी ती हसली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत जादा तास होते. सकाळचं अर्घ्य देऊन, व्रत सोडून, सुनैना टोपलीभर ठेकुआ घेऊन शाळेकडं निघाली. लेकीच्या मैत्रिणींना प्रसाद द्यायचा होता. मला सोबत घेतलं. फाटकाशी पोचलो तर रिंकीनं खिडकीतून पाहिलेलं. पळत आली. हातात ओला रुमाल. आईला भिंतीच्या आड घेतलं आणि तिच्या नाकावरची शेंदराची रेघ पुसायला लागली. घासून घासून. सुनैना मान वर करून लहान पोरासारखी उभी. पुसू दिलं. नाक लालभडक झालं. मग रिंकी म्हणाली, "हं, चल आता." मुलींनी ठेकुआ खाल्ले, आवडलेही. परतताना सुनैना वाटभर पदर नाकापर्यंत ओढून चालली. मी काहीतरी बोलायचं म्हणून नळाचं बोलले.

त्या गोष्टीवर पुन्हा कुणी बोललं नाही. रिंकी डिप्लोमाला गेली, मग इंजिनिअर झाली. आता त्याच एमआयडीसीत आहे. बाप ओतायचा तसल्याच लोखंडी मालावर खडूनं खूण करते, हा चालेल, हा नाही. बोल्हेगावात फ्लॅट घेतला आणि मंडळी माझ्या खोलीतून गेली. लग्न केलं ते राहुरीकडच्या अक्षयशी, शेतकऱ्याच्या पोराशी. त्यांची छठही मग शहराबाहेरच्या तळ्यावर व्हायला लागली. तिकडं आता पुष्कळ लोक जमतात. माझा हौद कोरडा पडला. मुलगा पुण्याहून येतो तेव्हा म्हणतो, "आई, तो हौद फोड, गाडीला जागा होईल." मी म्हणते, बघू.

तर यंदाचं असं झालं. सुनैनाला शुगर. गुडघे गेले, तळ्यावर जाणं होईना. डॉक्टरांनी बजावलं, बिनपाण्याचा उपास केलात तर दवाखान्यातच याल. आणि हे व्रत असं आहे, की एकदा घेतलं की आपल्या मनानं सोडता येत नाही. घरातल्या पुढच्या बाईच्या हातात द्यावं लागतं. द्यायला कुणी नसेल तर ते घरातून जातं. सुनैनानं गावी जावेला फोन करून सांगूनही टाकलं होतं, की तू घे. म्हणजे तिची छठ आता नगरमधून जाणार होती. तिच्या सासूनं तिला दिलेली, तिनं पेटीत घालून इतक्या लांब आणलेली, जिथून आणली तिथंच परत.

हे मला कळलं ते दोघी मायलेकी हौदापाशी भांडल्या तेव्हा. मी पेरूखाली बसले होते. रिंकी म्हणाली, "मी घेते."

"तू नहीं," सुनैना म्हणाली. "तोहार घर अब मराठी बा. नोकरी है. एक साल किया, दूसरे साल छूट गया, तो?"

"सासूबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, आमच्या तुळशीचं कर, तुमच्या सूर्याचं कर, फक्त उपाशी गाडी चालवू नको."

सुनैनानं काठावरचं वाळकं पान उचलून टाकलं. मग हळू म्हणाली, "बबुनी, दया से नहीं होता बरत. माई बीमार है, इसलिए मत कर."

रिंकी हौदाच्या काठावर बसली. कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यातच होतं.

"मम्मी, तुझी गाणी मला येत नाहीत. भाषा येते ती अर्धी. उद्या माझं लेकरू झालं तर ते तेवढीही बोलणार नाही. तुझं म्हणून माझ्याकडं काय आहे, सांग की. हेही गावी पाठवून दिलंस तर मी त्याला काय दाखवू? फोटो?"

सुनैना उठली, काठाला धरून हौदात वाकून पाहिलं आणि मला म्हणाली, "दीदी, कोने में काई रह गई है."

मी पुन्हा काथ्या उचलला.

व्रताच्या तिसऱ्या दिवशी दुपारी राहुरीहून टेम्पो आला. अक्षय आणि त्याची आई. रिंकीच्या सासूबाईंनी ऊस आणले होते ते वाढ्यासकटच नव्हे, मुळासकट. मातीची ढेकळं चिकटलेली. "म्हनलं, देवाचं काम हाय, कमी नको पडायला," त्या म्हणाल्या. सुनैनानं उसाच्या पानांवरून हात फिरवला. मला नाना आठवले. आता नाहीत ते. मळ्याच्या जागी गोदाम झालंय.

मावळतीला रिंकी पिवळी साडी नेसून हौदात उतरली. पहिला पाय टाकला आणि किंचाळली, "आई गं! केवढं गार!"

काठावर खुर्चीत बसलेली सुनैना हसली. पुष्कळ वर्षांनी तसं हसली. म्हणाली, "छठी मइया भी इतने साल से यहीं नहाती है. मराठी सीख गई होगी."

मग तिनं गाणं सुरू केलं. आवाज चिरका झालाय, दम लागतो. रिंकी मागून म्हणायला लागली, तर प्रत्येक ओळ नगरच्या वळणानं. "ऐसे नहीं," सुनैना म्हणायची आणि पुन्हा सांगायची. आईनं एक ओळ सोडली की लेकीनं ती उचलायची. रामनरेश सुपावर दूध सोडत होता. सासूबाईंना शब्द कळत नव्हते, तरी ताल धरलेला. सूर्य गोदामाच्या पत्र्याआड गेला. हौदातलं पाणी नारिंगी झालं आणि मग विझलं.

सकाळचं अर्घ्य झालं तेव्हा अंगणात धुकं होतं. रिंकीनं आल्याचा तुकडा आणि पाणी घेऊन व्रत सोडलं. ओठ फुटले होते. दहा वाजता कंपनीत बाहेरची माणसं माल तपासायला येणार होती, तिला जाणं भाग होतं. आत जाऊन ड्रेस घालून, केस बांधून आली. नाकावर शेंदराची रेघ तशीच. रात्र संपता संपता आईनंच ओढलेली.

सुनैना खुर्चीतून उठली. पदराचं टोक हौदात बुडवलं, पिळलं आणि लेकीपुढं जाऊन उभी राहिली. हात नाकाकडं नेला.

"ला, पोंछ दूँ. हँसेंगे सब."

रिंकीनं तिचं मनगट धरलं. दोघी तशाच उभ्या. पदराचं पाणी थेंब थेंब फरशीवर पडत होतं. त्या दोघींना काय आठवत होतं ते मला ठाऊक होतं. भिंतीच्या आडचं. तिसरी मीच तर होते तिथं.

"राहू दे, मम्मी," रिंकी म्हणाली. "विचारलं तर सांगेन."

सुनैनानं पदर सोडला. मग हौदाच्या काठाला धरून, त्या मोडक्या गुडघ्यांनी ती वाकायला लागली.

"मम्मी! काय करतेस?"

"चुप. बरती तू है अब." व्रत केलेल्या बाईच्या पाया लहानथोर सगळे पडतात, आईसुद्धा. तिनं लेकीच्या पायाला हात लावला आणि तोच हात कपाळाला. रामनरेशही वाकला. रिंकी तोंडावर ओढणी धरून उभी राहिली. जिनं चिमण्या हाकलल्या, तीच आता देवीच्या जागी.

मी वाकले नाही, मला वाकताच येत नाही. मी हात पुढं केला. रिंकीनं त्यावर ठेकुआ ठेवला. पानाची नक्षी तीच.

गाडी सुरू करताना तिनं हेल्मेट घातलं, काच वर केली. काचेच्या चौकटीत दोन डोळे आणि मधे ती नारिंगी रेघ. "आजी, मांजरीला सांग, अजून थोडे दिवस थांब," असं ओरडत गेली.

संध्याकाळी आईला न्यायला आली तेव्हा रेघ हेल्मेटनं थोडी फिसकटली होती. पुसलेली नव्हती. सुनैनानं पाहिलं. फक्त विचारलं, "खाना खाया?"

आज मी हौदाच्या काठावर बसलेय. झेंडूच्या पाकळ्या तरंगतायत. पाणी एका विटेनं उतरलंय, म्हणजे गळतो अजून. पेरूच्या मुळाशी ओल आलीय.

सकाळी मुलाचा फोन होता. त्याला सांगितलं, तू गाडी बाहेरच लावत जा बाबा. आणि येताना चांगला गवंडी बघून ये. पुढच्या दिवाळीच्या आत ही चीर बुजवायची आहे.